संकेतार्थी वाक्ये (इंग्रजी व्याकरण)

एक गोष्ट घडणे दुसऱ्या गोष्टीवर अवलंबून आहे, असे ज्या वाक्यातून व्यक्त होते त्यास संकेतार्थी वाक्य म्हणतात. इंग्रजीत अशा वाक्याचे सामान्यतः दोन भाग असतात : 'इफ' या अव्ययाने सुरू होणारे, अट सांगणारे गौण वाक्य आणि परिणाम सांगणारे मुख्य वाक्य. ती अट बोलणाऱ्याला कितपत शक्य वाटते, हे क्रियापदांच्या रूपांवरून कळते. त्यामुळे रूप चुकल्यास वाक्य अशुद्ध तरी होते किंवा त्याचा अर्थ तरी पालटतो.

प्रकार

शालेय व्याकरणात या वाक्यांचे पुढील प्रकार मानले जातात.

शून्य प्रकार : नेहमी खरे असणारे विधान. दोन्ही भागांत साधा वर्तमानकाळ येतो. उदा. 'इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स.'

पहिला प्रकार : भविष्यातील शक्य गोष्ट. गौण वाक्यात साधा वर्तमानकाळ आणि मुख्य वाक्यात 'विल' येते. उदा. 'इफ इट रेन्स, वी विल स्टे ॲट होम.'

दुसरा प्रकार : वर्तमान वा भविष्याविषयीची काल्पनिक किंवा असंभाव्य गोष्ट. गौण वाक्यात साधा भूतकाळ, मुख्य वाक्यात 'वुड'. उदा. 'इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ हाउस.' येथे रूप भूतकाळाचे असले तरी अर्थ भूतकाळाचा नसतो. या प्रकारात औपचारिक लेखनात 'वॉज'ऐवजी 'वर' वापरतात, उदा. 'इफ आय वर यू'.

तिसरा प्रकार : भूतकाळात न घडलेली गोष्ट. गौण वाक्यात पूर्ण भूतकाळ, मुख्य वाक्यात 'वुड हॅव'. उदा. 'इफ शी हॅड स्टडीड, शी वुड हॅव पास्ड.' म्हणजे तिने अभ्यास केला नाही आणि ती उत्तीर्णही झाली नाही.

अट भूतकाळातील आणि परिणाम वर्तमानातील असल्यास मिश्र रचना होते. उदा. 'इफ ही हॅड टेकन द मेडिसिन, ही वुड बी वेल नाउ.'

ही विभागणी मुख्यतः अध्यापनाच्या सोयीसाठी आहे. रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांच्या 'द केंब्रिज ग्रामर ऑफ द इंग्लिश लँग्वेज' (2002) या ग्रंथात खुली आणि दूरस्थ असे दोन मुख्य भेद केले आहेत.

मराठीशी तुलना

मराठी व्याकरणात स्वार्थ, आज्ञार्थ व विध्यर्थ यांच्याबरोबर संकेतार्थ हा क्रियापदाचा एक अर्थ मानला जातो. मात्र दोन्ही भाषांची रचना सारखी नाही. मराठी भाषकांच्या अनेक चुकांचे मूळ या फरकात आहे.

'तो आला तर मी जाईन' या वाक्यात 'आला' हे रूप भूतकाळाचे आहे, पण अट शक्य कोटीतील आहे. त्याचे शब्दशः भाषांतर 'इफ ही केम, आय विल गो' असे केल्यास ते अशुद्ध ठरते. शुद्ध रूप 'इफ ही कम्स, आय विल गो' हे होय. 'इफ आय गॉट लीव्ह, आय वुड अटेंड द वेडिंग' हे वाक्य शुद्ध आहे. परंतु रजा मिळण्याची फारशी आशा नाही, असे त्यातून सूचित होते.

'तू आला असतास तर मी गेलो असतो' यात दोन्ही भागांत 'असता'ची रूपे येतात. या सारखेपणामुळे इंग्रजीतही दोन्हीकडे 'वुड हॅव' लिहिले जाते. प्रमाण लेखनात गौण वाक्यात 'हॅड'च हवे.

मराठीत 'जर' गाळता येते, पण 'तर' सहसा गाळत नाहीत. इंग्रजीत याउलट 'इफ' आवश्यक असते आणि 'देन' ऐच्छिक असते.

विशेष नियम

गौण वाक्य आधी आल्यास त्यापुढे स्वल्पविराम देतात. नंतर आल्यास सहसा देत नाहीत.

'अनलेस' या शब्दातच नकार असतो. म्हणून 'अभ्यास केला नाहीस तर नापास होशील' या अर्थी 'अनलेस यू स्टडी, यू विल फेल' असे लिहावे. 'अनलेस यू डोन्ट स्टडी' असे लिहिल्यास अर्थ उलटतो.

औपचारिक शैलीत 'इफ' गाळून सहायक क्रियापद आरंभी आणता येते. उदा. 'हॅड आय नोन, आय वुड हॅव कम.'

गौण वाक्यात भविष्यकाळ दाखवण्यासाठी 'विल' वापरत नाहीत. विनंती किंवा तयारी दर्शवताना मात्र ते चालते, उदा. 'इफ यू विल वेट अ मोमेंट'. तसेच 'आय डोन्ट नो इफ ही विल कम' या वाक्यातील 'इफ'चा अर्थ 'की नाही' असा असल्याने ते संकेतार्थी वाक्य नव्हे आणि त्यातील 'विल' शुद्ध आहे.