एक नाव, दोन विधी

केनिया पर्वताच्या परिसरातील गिकुयू लोकांच्या भाषेत मुलग्यांची सुंता आणि मुलींचा छेदनविधी यांना ‘इरुआ’ हे एकच नाव होते. त्यावाचून मुलगा प्रौढ ठरत नसे, मुलगी विवाहयोग्य ठरत नसे. एका वर्षी हा विधी झालेल्यांचा एक गट मानीत, त्या वर्षातील एखाद्या घटनेवरून त्याला नाव देत आणि अशा नावांवरून काळ मोजीत.

नाव एक असले, तरी कृत्ये भिन्न होती. मुलग्याची केवळ अग्रत्वचा काढली जाई. मुलीच्या जननेंद्रियाचा अत्यंत संवेदनाक्षम भागच, आणि कित्येकदा भोवतालचे मांसही, कापले जाई. अतिरक्तस्राव, जंतुदोष आणि पुढे बाळंतपणातील संकटे ही त्याची फळे होत.

१९२९ साली स्कॉटिश मिशनने आपल्या अनुयायांकडून मुलींचा विधी सोडल्याची प्रतिज्ञा मागितली. मुलग्यांच्या सुंतेस त्याचा विरोध नव्हता. वैद्यकदृष्ट्या हा भेद योग्यच होता. परंतु गोऱ्यांनी जमिनी घेतल्या, आता रीतिरिवाजही घेणार, असे लोकांस वाटले. हजारोंनी मिशनची चर्चे सोडली व स्वतंत्र शाळा काढल्या. जोमो केन्याटा यांनी १९३८ च्या आपल्या ग्रंथात या विधीची बाजू मांडली. १९५६ साली शेजारच्या मेरू भागातील वृद्धांच्या मंडळाने ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या प्रोत्साहनाने बंदी घातली. हे मंडळ पुरुषांचे होते. तेव्हा मुलींनीच वस्तऱ्याची पाती घेऊन एकमेकींचे छेदन केले. तीन वर्षांत २,४०० हून अधिक लोकांवर खटले झाले.

पुढे दोन्ही विधींच्या वाटा वेगळ्या झाल्या. सुंतेमुळे स्त्रीकडून पुरुषाला होणाऱ्या एचआयव्ही संसर्गाचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी घटतो, असे आफ्रिकेतील तीन चाचण्यांत आढळले. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. अजाण बालकाच्या संमतीचा प्रश्न मात्र तेथेही उरतोच. मुलींच्या छेदनात आरोग्याचा कोणताही लाभ आढळला नाही. २०११ साली स्वतंत्र केनियाच्या संसदेनेच कायदा करून ते पूर्णतः निषिद्ध ठरविले.

त्यापूर्वीच, १९९६ मध्ये, मेरूलगतच्या थराका भागात एक नवा विधी सुरू झाला होता. मुलींनी काही दिवस एकांतात राहावे, वडीलधाऱ्या स्त्रियांकडून शिकवण घ्यावी आणि मग गावाने समारंभाने त्यांना प्रौढ म्हणून स्वीकारावे. त्याचे नाव ‘शब्दांनी सुंता’. मुलींना हवा होता तो मान त्यात राहिला. पाते तेवढे गेले.