रात्रीची गस्त घालताय? धरायचा अधिकार आहे, मारायचा नाही

विहिरीवरची मोटार, केबल नाहीतर गोठ्यातलं जनावर चोरीला गेलं की गावातली पोरं काठ्या-बॅटऱ्या घेऊन गस्तीला निघतात. व्हॉट्सअॅप ग्रुप होतो, त्याला ‘सुरक्षा दल’ असं नावही पडतं. पण नाव ठेवलं म्हणून पोलिसांचे अधिकार मिळत नाहीत.

ही रीत आली कुठून?
पूर्वी गावाची राखण जागल्या, रामोशी करायचे. इंग्रजांनी १८६१ च्या पोलीस कायद्यात गरजेच्या वेळी स्थानिक लोकांना ‘विशेष पोलीस अधिकारी’ नेमायची सोय केली. मुंबई प्रांतात १९४६ साली होमगार्ड उभे राहिले. आपल्याकडचा पोलीस पाटील १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानुसार काम करतो. या सगळ्यांना अधिकार मिळतो तो कायद्याने, गावाने ठरवून नाही.

सरकारलाही मर्यादा
छत्तीसगडमध्ये २००५ साली नक्षलवाद्यांविरोधात ‘सलवा जुडूम’ सुरू झालं. आदिवासी तरुणांना महिना ३,००० रुपये मानधनावर विशेष पोलीस अधिकारी करून हाती बंदुका दिल्या. ५ जुलै २०११ रोजी सुप्रीम कोर्टाने हे घटनाबाह्य ठरवलं आणि बंदुका परत घ्यायला सांगितलं.

आपल्याला काय करता येतं?
भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० सांगतं: आपल्या डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला, उदाहरणार्थ रात्रीची घरफोडी, तर सामान्य माणूसही आरोपीला धरू शकतो. मात्र विनाकारण उशीर न लावता, जास्तीत जास्त सहा तासांत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. नुसत्या संशयावरून कोणाला डांबून ठेवता येत नाही.

अफवेची किंमत
१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षेकरी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. पाचही निरपराध होते. बेकायदा जमावात सामील असलेल्यावर, त्याने स्वतः हात उचलला नसला तरी, गुन्हा लागू शकतो.

गस्तीआधी एवढं करा
- गस्तीवाल्यांची नावं पोलीस पाटलांमार्फत ठाण्यात कळवा.
- अनोळखी माणूस दिसला तर ११२ ला फोन करा.
- खात्री नसलेला व्हिडिओ पुढे पाठवू नका.
- कोणी हात उचलत असेल तर त्याला तिथंच आवरा.