तांबड्या अकीकाचा रंग



तांबड्या मण्यांच्या माळा, कानांतले आणि अंगठ्या अलीकडे पुन्हा पुष्कळ दिसू लागल्या आहेत. कोणी दुकानदार त्यांना अकीक म्हणतो, कोणी हकीक, कोणी कार्नेलियन. एका दुकानी जी माळ स्वस्त मिळते, तिच्यासारखीच दिसणारी शेजारच्या दुकानी चौपट दराने विकली जाते. मग आपण हटकून एकच प्रश्न विचारतो, “रंग जात्याच असा आहे, की भाजून आणलेला?” भाजलेला म्हटले की तोंड वाकडे करून आपण माळ खाली ठेवतो. या दगडाचा इतिहास वाचला तेव्हा माझी खात्री झाली की आपला हा प्रश्नच चुकीचा आहे.

अकीक हा काही परमुलखातला दगड नव्हे. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांतून झाला. तो रस थिजताना त्यात बुडबुडे राहून पोकळ्या झाल्या. पुढे त्यांत पाणी झिरपले आणि पाण्याबरोबर आलेल्या गारेच्या द्रव्याने त्या भरल्या. विहीर खणताना कातळात पांढऱ्या गारगोट्या निघतात, त्यांच्याच कुळातला हा अकीक. बोरघाटातून आगगाडीचा रस्ता नेण्यासाठी डोंगर फोडला, तेव्हा अशा पोकळ्यांतून निघालेले सुंदर स्फटिक परदेशच्या संग्रहालयांपर्यंत पोचले. तो लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला.

आता रंगाचे पाहा. खाणीतून निघणारा हा दगड बहुधा करडा, पिवळट किंवा मातकट असतो. त्याच्या अंगात लोखंडाचा अंश असतो, पण तो पाण्याशी बांधलेला. दगड तापला की ते पाणी निघून जाते आणि लोखंडाचा अंश तांबडा होतो. आपल्याकडे वीटभट्ट्या कोणी पाहिल्या नाहीत? कच्ची वीट मातकट असते आणि भट्टीतून निघते ती लाल. कारण तेच. माथेरानची लाल माती लाल, तीही लोखंडामुळेच. तेव्हा भाजलेल्या अकीकात बाहेरचे काही घातलेले नसते. त्याच्याच पोटातला रंग विस्तवाने वर येतो.

हे काम गुजरातेत खंबायतचे कारागीर पिढ्यान् पिढ्या करीत आले. राजपीपळ्याकडील रतनपूरच्या खाणींतले दगड महिनोन् महिने उन्हात टाकायचे, मग मातीच्या मडक्यांत भरून गोवऱ्यांच्या मंद विस्तवात रात्रभर ठेवायचे. आच एकदम वाढली तर दगड तडकतो. चुलीपुढे बसणाऱ्या बाईला हे वेगळे समजावून सांगायला नको! रंग मनासारखा चढला नाही तर पुन्हा भाजायचा.

ही विद्या किती जुनी असावी? गुजरातेतच लोथल येथे १९५५ पासून उत्खनन झाले, त्यात चार हजार वर्षांहून जुना मणी घडविण्याचा कारखाना भट्टीसह सापडला. तिकडे इराकात ऊर या प्राचीन नगरीत पुआबी नावाच्या राणीची कबर निघाली. तिच्या अंगावर सोने, निळा राजावर्त आणि तांबडे अकीक यांचे मणी होते. ती साडेचार हजार वर्षांपूर्वीची. ऊरच्या कबरींतले काही तांबडे मणी सिंधू संस्कृतीच्या मुलखातून गेलेले आहेत, असे अभ्यासक मानतात. म्हणजे राणीच्या अंगावरचे मणीसुद्धा भाजलेले असणार, आणि आपण दुकानात नाक मुरडतो!

महाराष्ट्रही यात मागे नव्हता. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या वस्तीतही असे मणी मिळाले. पुढे सातवाहनांच्या काळी पैठणहून पट्ट्यापट्ट्यांचा अकीक गाड्यांत भरून भडोचच्या बंदरी जात असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याने हे लिहून ठेवले आहे. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आहे, असेही तो सांगतो. त्याच पुस्तकात आपल्या कल्याण बंदराचे नाव आहे. आपल्या पोशीर नदीचे पाणी उल्हासला मिळते आणि उल्हास कल्याणला जाते, म्हणून ते नाव वाचून मला उगाच आपलेपणा वाटला. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या स्वामिदत्त सोनाराने आणि सोपाऱ्याच्या नागपालित नावाच्या मणिकाराने पाण्याची टाकी खोदवून दिल्याचे लेख आहेत. सोनार आणि मणी करणारे यांच्या हाती तेव्हा दानधर्म करण्याइतका पैसा होता, हे त्यावरून दिसते.

रोमचा प्लिनी नावाचा ग्रंथकार त्याच शतकातला. तो तांबड्या खड्यांविषयी लिहितो की, हिंदुस्थानातले खडे पारदर्शक असतात. झळाळते खडे पुरुषजातीचे आणि मंद ते स्त्रीजातीचे, असेही तो म्हणतो. (हे त्याला कोणत्या बाईने सांगितले, कोण जाणे!) पण त्याची एक गोष्ट आज आपल्या कामाची आहे. काही हिंदी खड्यांखाली चांदीचा वर्ख लावीत असत, असे तो सांगतो. खड्याचा रंग खुलवून दाखविण्याची युक्ती अशी दोन हजार वर्षांची जुनी आहे.

खरा फरक पडला तो एकोणिसाव्या शतकात. जर्मनीत इडार आणि ओबरस्टाइन या गावी ब्राझीलचा करडा अकीक येऊ लागला आणि तेथील कारागिरांनी तो रसायनांत मुरवून रंगविण्याची कला वाढविली. अकीकाला बारीक छिद्रे असतात, त्यांतून रंग आत शिरतो. लोखंडाच्या क्षाराचे पाणी मुरवून मग दगड तापविला की तो तांबडा होतो. हा रंग टिकतो, उन्हाने उडत नाही. परंतु साध्या दगडाला वरून दिलेला तो रंग, त्याला निवडक दगडाची किंमत का द्यावी? काही ठिकाणी याहून हलके रंग वापरतात, ते मात्र पुसले जातात. आणि काच तर सर्वांत स्वस्त. म्हणून दुकानात विचारावयाचे ते हे : रंग दगडाच्या पोटातला, की पाजलेला, की ही काचच आहे?

खड्याची पारख दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली करू नये. त्या उजेडात फिका नारिंगी मणीसुद्धा लालभडक दिसतो. दाराशी यावे, माळ पांढऱ्या रुमालावर ठेवावी, मग एकेक मणी उजेडासमोर धरावा. चांगल्या अकीकाचा तांबडा रंग किंचित नारिंगी झाक असलेला, खोल आणि जिवंत असतो. त्यातून उजेड झिरपतो आणि आत रंग ढगासारखा कमीजास्त पसरलेला दिसतो. तपकिरी झाक आली की प्रत उतरली. अगदीच फिका असेल तर आणखी उतरली. उजेड मुळीच जात नसेल आणि विटेसारखा रंग असेल तर तो बहुधा यास्पर, म्हणजे दुसराच दगड.

कार्नेलियन म्हणून दिलेल्या मण्यात उजेडासमोर ठळक रेघा दिसल्या, तर तो पट्ट्यांचा अकीक रंगवून आणलेला असण्याचा संभव फार. मण्याचे भोक आणि बारीक चिरा जरूर पाहाव्यात. तेथे रंग साचून गडद झालेला असला तर तो पाजलेला. नखांचा रंग काढण्याचे औषध कापसाला लावून एका कोपऱ्यात पुसावे. कापूस लाल झाला तर माळ परत द्यावी. न झाला म्हणून मात्र निश्चिंत होऊ नये, लोखंडाचा रंग त्याने निघत नाही. आत गोल बुडबुडे दिसले तर काच. माळेतले सर्व मणी एका रंगाचे, तेही स्वस्तात, हे पाहून आपण खूष होतो. खऱ्या दगडांत असे मणी जुळवायला ढीगभर माल निवडावा लागतो, तो स्वस्तात परवडेल कसा? आणि मागून बंद असलेल्या कोंदणातला खडा घेताना प्लिनीचा चांदीचा वर्ख आठवावा.

स्वस्ताईचे आणखी एक कारण आहे, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. खंबायतकडे अकीक घासण्याचे काम पुष्कळदा घरांतूनच चालते. त्याची बारीक धूळ श्वासावाटे फुफ्फुसांत साचते आणि सिलिकोसिस नावाचा रोग होतो. त्यावर औषध नाही. यंत्राच्या चाकाने काम झपाट्याने होऊ लागले तशी धूळही वाढली. घासणारा दगावतोच, आणि त्याच खोलीत स्वयंपाक करणारी, मूल निजविणारी बाईही ती धूळ घेते. ओल्या दगडावर काम केले किंवा धूळ ओढून घेणारे यंत्र बसविले तर हे पुष्कळ टळते, पण त्याचा खर्च मण्याच्या दरात धरलेला नसतो. घासाघीस करताना एवढे ध्यानात असू द्यावे.

शेवटी जुन्या माळांविषयी. आजीच्या, पणजीच्या पेटीत फिक्या तांबड्या, वेड्यावाकड्या मण्यांची सर असली की ती मोडीत देऊन नवी झगझगीत घेण्याचा मोह होतो. देण्यापूर्वी मण्याचे भोक उजेडात पाहावे. हाताने केलेल्या मण्याला दोन्ही बाजूंनी भोक पाडीत, त्यामुळे मधोमध ते किंचित चुकलेले दिसते. तसे दिसले तर ती सर दुकानदाराच्या हाती देऊ नका, दोरा तेवढा नवा ओवून घ्या.