जीभ, जबडा आणि एका चित्रकाराचा उपदेश

मनुष्य स्वस्थ बसला असतां त्याची जीभ कोठें असते, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु मुखाच्या या विश्रांतीच्या ठेवणीसंबंधीं दीडशें वर्षांहून अधिक काळ चर्चा चालत आली आहे. आणि ती गाजविण्याचें पहिलें श्रेय वैद्याकडे नव्हे, तर एका चित्रकाराकडे जातें.

जॉर्ज कॅटलिन (१७९६–१८७२) हा पेनसिल्व्हेनियांत जन्मलेला अमेरिकन गृहस्थ वकिली सोडून चित्रकलेकडे वळला. १८३० ते १८३६ या काळांत मिसुरी नदीच्या प्रदेशांत हिंडून त्यानें तेथील मूळ रहिवाशांचीं शेंकडों चित्रें काढलीं. चेहरे न्याहाळणें हाच त्याचा व्यवसाय; तेव्हां त्या लोकांचे सरळ दांत व मिटलेले ओठ त्याच्या नजरेंत भरले. मूल दूध पिऊन झोपीं जाऊं लागलें कीं आई त्याचे ओठ बोटांनीं हलकेच मिटविते, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. १८६० नंतर लवकरच त्यानें या विषयावर एक लहानसें पुस्तक काढलें. पुढें तें ‘तोंड मिटा आणि प्राण वाचवा’ अशा अर्थाच्या नांवानें प्रसिद्धीस आलें.

निरीक्षण मार्मिक होतें; अनुमान मात्र मोकाट सुटलें. सुधारलेल्या समाजांतील अनेक रोगांचें मूळ त्यानें उघड्या तोंडांत शोधिलें. पण ज्या मंडान जमातीचीं चित्रें त्यानें १८३२ सालीं रंगविलीं, तिच्यावर १८३७ सालीं देवीची साथ कोसळली आणि सुमारें १,६०० लोकांपैकीं शेंसव्वाशेंच उरले. मिटलेल्या ओठांनीं त्यांचे प्राण वाचले नाहींत.

पुढें हा विषय दंतवैद्यांच्या हातीं आला. बोस्टनचे आल्फ्रेड रॉजर्स यांनीं १९१८ सालीं चेहऱ्याच्या स्नायूंचे व्यायाम सुचविले. तारा बांधून सरळ केलेले दांत पुन्हां वांकडे होऊं नयेत, यासाठीं स्नायूंनाच वळण लावावें, हा त्यांचा विचार. १९८१ सालीं एगिल हार्वोल्ड यांचे माकडांवरील प्रयोग प्रसिद्ध झाले. नाक बंद केलेल्या वाढत्या माकडांना तोंडानें श्वास घ्यावा लागला, आणि त्यांच्या जबड्यांची व दांतांची ठेवण बदलली. मात्र प्रत्येकाची निराळ्या रीतीनें. त्यापूर्वींच, १९७८ सालीं, विल्यम प्रॉफिट यांनीं दाखविलें होतें कीं, गिळतांना जिभेचा जो क्षणिक जोर पडतो त्यापेक्षां विश्रांतींत तासन् तास पडणारा तिचा हलका दाब दांतांच्या जागेस अधिक कारण होतो.

येथवर कॅटलिनचें बोलणें कांहीं अंशीं खरें ठरलें. पण अतिशयोक्तीहि परतून आली. जॉन म्यू (१९२८–२०२५) या ब्रिटिश दंतवैद्यांच्या शिकवणीवरून ‘म्यूइंग’ नांवाची रीत इंटरनेटवर पसरली. जीभ टाळूला चिकटवून ठेवल्यानें प्रौढ माणसाचाहि जबडा रेखीव होतो, असें तिचे अनुयायी म्हणूं लागले. त्यास भरंवशाचा पुरावा मिळालेला नाहीं. कठीण पदार्थ चघळून गालाचा स्नायू जाड होतो हें खरें. हाड मात्र त्यामुळें नवा आकार घेत नाहीं, आणि अतिरेकानें जबड्याचा सांधा दुखूं लागतो.

व्यायामाचा खरा उपयोग वेगळ्याच ठिकाणीं दिसला. झोपेंत श्वास अडण्याचा मध्यम विकार असलेल्या ३१ रुग्णांवरील ब्राझीलमधील अभ्यास २००९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांपैकीं ज्यांनीं तीन महिने जीभ, टाळू व घसा यांचे व्यायाम केले, त्यांचें श्वास अडण्याचें तासाचें प्रमाण सरासरी २२ वरून १४ वर आलें.

म्हणून घरांतील मूल रात्रीं तोंड उघडें टाकून घोरत असेल, तर त्याचे ओठ मिटविण्याची घाई करूं नये. नाक चोंदलें आहे कीं घशांतील गांठी वाढल्या आहेत, हें प्रथम डॉक्टरांकडून पाहून घ्यावें. वाट बंद असतां दार लावून घेणें हिताचें नव्हे.