मूत्रपिंडविकारातील रक्तक्षय : आधी लोह, मग इंजेक्शन

डोंबिवली स्थानकाचा पूल चढताना लागणारी धाप डायलिसिसचा रुग्ण वयावर किंवा थकव्यावर ढकलतो. पुष्कळदा तिचे कारण रक्तक्षय असते आणि तो बराचसा आटोक्यात आणता येतो.

कारणे. निरोगी मूत्रपिंडात तयार होणारे एरिथ्रोपोएटिन (ईपीओ) हे संप्रेरक अस्थिमज्जेकडून तांबड्या पेशी बनवून घेते. मूत्रपिंड निकामी होत गेले की ते अपुरे पडते. त्यातच लोहाचे नियमन करणारे हेप्सिडिन हे संप्रेरक वाढते. मग आतड्यातून लोह नीट शोषले जात नाही आणि साठ्यातले लोह अडकून राहते. डायलिसिसच्या नळ्यांत दर खेपेला थोडे रक्तही जाते.

निदान. हिमोग्लोबिन पुरुषांत 13, स्त्रियांत 12 ग्रॅम प्रति डेसीलिटरच्या खाली गेले की रक्तक्षय मानतात. मात्र सीबीसीवर, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीवर, थांबू नये. फेरिटिन (लोहाच्या साठ्याचे माप) आणि टीसॅट (रक्तातील लोहवाहक प्रथिनावर किती टक्के लोह आहे त्याचे माप) हवेतच. दाह असेल तर लोह कमी असूनही फेरिटिन वाढलेले दिसते, म्हणून टीसॅट 20 टक्क्यांखाली आहे का, हे पाहावे. कल्याणशेजारच्या उल्हासनगरात सिंधी वस्ती मोठी आहे आणि या समाजात थॅलेसेमिया मायनरचे प्रमाण जास्त आहे. त्यातही पेशी लहान दिसतात. तेवढ्यावरून लोहाची कमतरता ठरवू नये.

उपचार. पहिली पायरी लोहाची. डायलिसिसवरील रुग्णाला ते शिरेतून देणे परिणामकारक ठरते. जंतुसंसर्ग जोरात असताना मात्र थांबावे. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील पिव्होटल चाचणीत पुरेसे लोह आधीच दिलेल्या रुग्णांना ईपीओचा डोस कमी लागला.

दुसरी पायरी ईपीओच्या इंजेक्शनची. अमेरिकेत 1989 पासून ते मान्य आहे. पण हिमोग्लोबिन निरोगी माणसाइतके वाढवण्याचा हट्ट घातक ठरतो : 2009 च्या ट्रीट चाचणीत तसे करताना पक्षाघाताचे प्रमाण जवळपास दुप्पट झाले. म्हणून हिमोग्लोबिन साधारण 11.5 च्या वर नेऊ नये आणि रक्तदाबावर लक्ष ठेवावे. भारतात 2022 पासून डेसिडुस्टॅट ही गोळीही उपलब्ध आहे. रक्त चढवणे शेवटचा उपाय. त्यातून तयार होणाऱ्या प्रतिपिंडांमुळे पुढे प्रत्यारोपणासाठी जुळणारे मूत्रपिंड मिळणे अवघड होते.

आहार. ‘रक्त वाढेल’ म्हणून घरचे प्रेमाने बीट, खजूर, डाळिंब देतात. त्यांतले पोटॅशियम अशा रुग्णाच्या हृदयाला धोक्याचे असते.

इंजेक्शन लागू पडत नसेल, तर डोस वाढवण्याआधी लोहाचा ताजा अहवाल पाहावा. तो मागण्याचा रुग्णाला हक्क आहे आणि त्याने तो न संकोचता बजावावा.