विद्यापीठाच्या भिंती आणि वीज

इ. स. १८५७ मध्यें मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, तेव्हां शहरास विजेचा दिवा ठाऊक नव्हता. पुढें विद्यापीठाच्या इमारतींचे आराखडे विख्यात इंग्रज वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनीं केले. ते स्वतः मुंबईस कधींच आले नाहींत. पदवीदान-सभागृह १८७४ सालीं उभें राहिलें. शेट प्रेमचंद रायचंद यांच्या देणगींतून, त्यांच्या मातोश्रींच्या नांवाचा राजाबाई मनोरा व ग्रंथालय १८७८ सालीं पूर्ण झालें.

उन्हाचा ताप दगडी भिंतींवर अडे, कमानींचे व्हरांडे सावली धरीत, उंच छताखालीं उष्ण हवा वर चढे आणि समुद्राचा वारा आंत खेळे. या गारव्यास इंधन लागत नसे.

१९०५ च्या सुमारास शहरांत वीजपुरवठा सुरू झाला; १९१५ सालीं खोपोलीची जलविद्युत् आली. विजेनें सायंकाळचें वाचन सुलभ केलें, हा तिचा उपकार खराच. परंतु वीज सहज मिळूं लागतांच बांधणारांना वाऱ्याचा विसर पडला. जें काम भिंती करीत, तें यंत्रांवर आलें; आज उष्ण प्रदेशांतील विद्यापीठांच्या विजेचा मोठा हिस्सा वातानुकूलनांत खर्ची पडतो.

विजेचें बिल महिनाअखेर हातीं येतें. पण त्याचा आंकडा पुष्कळसा इमारतीचा नकाशा आंखतांनाच ठरलेला असतो.