संपादक, कारभारी आणि बनावट पत्रे

आमच्या ऑफिसातले कन्नड सहकारी दरवर्षी आरतीला येतात. गेल्या वर्षी प्रसाद घेताना एकाने विचारले, "तुमचे टिळक पहिल्यांदा तुरुंगात गेले ते इंग्रजांविरुद्ध लिहिल्यामुळेच ना?" मी सवयीने "हो" म्हणून मोकळा झालो. घरी आल्यावर चुटपुट लागली, कारण ते खरे नव्हते.

१८८१ च्या जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा' निघाले. आगरकर 'केसरी'चे संपादक, टिळक 'मराठा'चे, दोघेही पंचविशीतले. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींना, चौथ्या शिवाजी महाराजांना, वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे अशी ओरड तेव्हा होती. रोख होता कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर. बर्व्यांची म्हणून हाती आलेल्या पत्रांवर विसंबून दोन्ही वृत्तपत्रांनी कडक लिहिले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि ती पत्रे बनावट निघाली! संपादकांनी माफी मागितली, तरी खटला थांबला नाही. जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची साधी कैद झाली. त्यातले १०१ दिवस दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिले. जामिनाची सोय जोतीराव फुल्यांच्या खटपटीने झाली होती, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

पुढे डिसेंबर १८८३ मध्ये महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर वारले. म्हणजे संपादकांची काळजी अनाठायी नव्हती, पुरावा तेवढा खोटा होता. दरबारी राजकारणात कागद आणून देणारा स्वतःचा हिशेब मांडूनच येतो, हे त्या तरुण वयात त्यांना उमगले नसावे.

मला तरी पन्नाशीत कुठे उमगले होते? स्मरणिकेचे काम माझ्याकडे असताना एका स्थानिक पुढाऱ्याचा माणूस शुभेच्छांच्या पानाचे पैसे घेऊन आला. सोबत, विरोधकाने आपले मैदान लाटल्याची एक झेरॉक्स. "साहेबांचे नाव नको, एवढे छापा." आमचा मंडप त्याच मैदानावर पडायचा, त्यामुळे राग होताच. मी मजकूर छापखान्यात दिलासुद्धा. प्रूफ वाचताना चिटणीसांनी शिक्क्यावरची तारीख कॅलेंडरात पाहिली. रविवार! मजकूर काढला. शुभेच्छांचे पान मात्र राहिले. पैसे मांडववाल्याला देऊन झाले होते.

यंदा तो सहकारी आला, की दोन्ही हकिगती सांगणार आहे.